आम्ही ब्रेड घालत नाही

आमच्या तळ्याच्या काठी एक पाटी आहे. तिच्यावर ब्रेडच्या स्लाइसचं चित्र आहे आणि त्यावर एक लाल तिरकी रेघ. खाली इंग्रजीत दोन ओळी आहेत, त्या कोणी वाचत नाही. ही पाटी ज्याने कोणी रंगवली त्याला एकदा माझ्यासमोर आणून उभं करा. मला त्याच्याशी बोलायचं आहे.

तळं म्हणजे काही निसर्गाची देणगी वगैरे नाही. अमेरिकेतल्या ॲन आर्बर गावाबाहेर शेतं विकून घरं बांधली तेव्हा पावसाचं पाणी साठायला बिल्डरने खणलेला तो खड्डा. भोवती गवत, गवतावर फिरायची वाट, वाटेवर तीन बाकं. पण पक्ष्यांना कुठे कळतं की हे तळं नकाशावर पाण्याच्या निचऱ्याची सोय म्हणून दाखवलंय? बर्फ वितळला की ते येतात. मॅलार्ड बदकं येतात, राखाडी-निळा मोठा बगळा येतो आणि कॅनडा गीज म्हणजे रानहंस येतात, काळ्या मानेचे, गालावर पांढरा पट्टा असलेले. आमच्या वसाहतीतले सगळे मराठी लोक त्यांनाही बदकंच म्हणतात. सांगून थकले.

मी हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रक्ताचे नमुने तपासते. पहाटे जाते, दुपारी सुटते, आणि घरी जायच्या आधी गाडी तळ्यापाशी लावून दुर्बीण काढते. गेली नऊ-दहा वर्षं हेच चाललंय. आधी मला वाटायचं, पक्षी बघितले की मन शांत होतं. लोक तसं सांगतात. माझं मन तिथे कधीच शांत झालं नाही. एका वर्षी एका मॅलार्डच्या पायाला मासे पकडायची तंगूसाची दोरी गुंडाळली होती. पाय आधी सुजला, मग काळा पडला, आणि मग एके दिवशी ते बदक एका पायावर उभं दिसलं. दुसऱ्या वर्षी पावसाच्या पाण्याच्या जाळीतून बदकाची सगळी पिल्लं गटारात पडली आणि आई वर रस्त्यात उभी राहून ओरडत होती, गाड्या हॉर्न वाजवत होत्या. सोसायटीच्या ऑफिसात मी इतक्या वेळा गेले आहे की मला बघून तिथली रिसेप्शनिस्ट फोन कानाला लावते. हिरवळीला खत मारतात, ते पावसाने वाहून तळ्यात उतरतं, ऑगस्टात पाण्यावर हिरवी साय येते. त्याबद्दलही मी भांडले. गळ टाकून दोऱ्या तोडून जाणाऱ्यांशी भांडले. कुत्रे मोकळे सोडणाऱ्या एका डॉक्टरशी तर अशी भांडले की नंतर हॉस्पिटलच्या लिफ्टमध्ये आम्ही दोघं भिंतीकडे तोंड करून उभे होतो. वसाहतीत मला काय म्हणतात ते मला माहीत आहे. म्हणू देत.

गेल्या एप्रिलमध्ये बाबा आले. आई गेल्यानंतर पहिल्यांदाच. नागपूरला पोस्टात नोकरी केली, निवृत्त झाले, आणि घरात एकटे राहून राहून इतके बारीक झाले की मी तिकीटच काढून पाठवलं. सहा महिन्यांसाठी. इथे आल्यावर मी कामावर, नवरा कामावर, मुलगी शाळेत. ते दुपारी तळ्यावर जायला लागले. मला बरं वाटलं. वाटलं, बाप-लेकीचा एक छंद जमला.

तळ्याच्या मधल्या बाकावर उन्हाळ्यात आपल्याच लोकांचा दरबार भरतो. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेले आई-वडील. पुण्याच्या एक काकू, मुंबईचे बँकेतून निवृत्त झालेले एक काका, आणि त्यांच्या आगेमागे आणखी दोघंतिघं. बाबा पहिल्या दिवशी तिथे गेले, त्यांनी जयभीम म्हटलं. काका नमस्कार म्हणाले. मग विचारलं, "आडनाव काय म्हणालात?" बाबांनी सांगितलं. मग काकांनी हवेबद्दल काहीतरी विचारलं आणि पुढचे कित्येक दिवस बाबा शेजारच्या बाकावर बसले. पहिल्या दिवसाचं बोलणं त्यांनी मला सांगितलं, शेजारच्या बाकाचं नाही. ते मी दुर्बिणीतून बघितलं. मधल्या बाकावर चार माणसं खेटून, आणि शेजारच्या बाकावर एकटे बाबा, मांडीवर टोपी घेऊन. मी दुर्बीण खाली ठेवली आणि स्टिअरिंगवर हात आपटला. दुसऱ्या देशात येऊन, नातवंडांना मल्टिकल्चरल डेला नऊवारी नेसवणारी ही माणसं.

"बाबा, तिथे नका बसू," मी घरी आल्यावर म्हटलं.

"कायले? जागा चांगली आहे. सावली आहे," ते म्हणाले. "तू चिडून नको राहू."

मे महिन्यात गीजची पिल्लं अंड्यांतून बाहेर आली. पिवळी, लोकरीच्या गुंड्यांसारखी. पाच होती, त्यातली दोन कासवाने का कोणी नेली आणि तीन उरली. मी रोज मोजायची. आणि मेच्या शेवटी माझ्या लक्षात आलं की पिल्लं गवत खात नाहीत. गीज दिवसभर गवत खातात, तेच त्यांचं खाणं. ही मात्र मधल्या बाकाखाली मान वर करून उभी. मी जाऊन बघितलं तर काकूंच्या मांडीवर एक प्लॅस्टिकची पिशवी, आणि पिशवीत पोळ्यांचे तुकडे.

"काकू, इथे खायला घालायला बंदी आहे," मी म्हटलं. त्या दिवशी मी खूप नीट बोलले. मला आठवतं.

"अगं, बंदी ब्रेडला आहे," काकू म्हणाल्या आणि हसून पाटीकडे बोट दाखवलं. "आम्ही ब्रेड घालत नाही. छे, ब्रेड वाईटच, नुसता मैदा. ह्या घरच्या पोळ्या आहेत. गव्हाच्या."

"तूप लावलेल्या," काका म्हणाले.

मी तिथे उभी राहून त्या पाटीकडे बघत होते. ब्रेडवर रेघ आहे, पोळीवर नाही. इथले गोरे आजी-आजोबा ब्रेड घालायचे ते पाटी लागल्यावर बंद झाले. आमची माणसं कायदा पाळणारी. त्यांनी पाटी वाचली, ब्रेड सोडला आणि पोळी सुरू केली. काकूंनी मला नंतर सगळं समजावून सांगितलं. रात्रीची पोळी उरली की सून ती सिंकमध्ये टाकते आणि बटण दाबते, आणि खालचं यंत्र ती घर्रकन दळून टाकतं. "अन्न गं ते. माझ्या अंगावर काटा येतो. तिकडे गाय असते, दारात कुणी येतं. इथे कोणाला द्यायची?" म्हणून त्या सगळ्यांच्या घरच्या शिळ्या पोळ्या गोळा करायच्या. कमी पडल्या तर दोन जास्तीच्या लाटायच्या.

मी सांगितलं की हे रानपक्षी आहेत, पोळीचं पीठ त्यांना सोसत नाही, वाढत्या पिल्लांना तर मुळीच नाही. काकूंनी माझ्याकडे अशा मायेने बघितलं की मला ओरडावंसं वाटलं. "बघ ना किती छान खातात," त्या म्हणाल्या. "मुक्या जिवांना कळतं गं."

काही कळत नाही मुक्या जिवांना. कळत असतं तर ते आपल्या जवळ आलेच नसते.

जूनमध्ये मोठ्या गीजची पिसं झडतात. नवी येईपर्यंत अख्खं कुटुंब जमिनीवर असतं, कोणीच उडत नाही. त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नसतं. पण माझ्याकडे दुर्बीण होती. तीन पिल्लांतलं एक, सगळ्यांत धीट, त्याच्या डाव्या पंखाचं टोक बाहेर आलेलं दिसलं, पदर खोचायचा राहून गेल्यासारखं. मला वाटलं, भिजलंय. दुसऱ्या दिवशीही तसंच. तिसऱ्या दिवशी मी जखमी पक्ष्यांच्या केंद्राला फोन केला. तिथल्या बाईने मी वर्णन पुरं करायच्या आतच नाव सांगितलं. एंजल विंग. असल्या रोगाला देवदूताचं नाव देणाऱ्याचाही मला राग आला. ती म्हणाली, बहुतेक वेळा खाण्यानेच होतं. पिठूळ खाऊन पिल्लू भराभर वाढतं, पिसांचं वजन वाढतं, मनगटाचं हाड ते पेलू शकत नाही आणि पिळतं. लवकर आणलं तर पंख जागेवर बसवून पट्टी बांधता येते, बरं होतं. हाड पक्कं झालं की मग काही करता येत नाही.

"किती लवकर?" मी विचारलं.

"आजच आणलंत तर सगळ्यांत चांगलं," ती म्हणाली.

मी टॉवेल आणि खोका घेऊन गेले. पिल्लू आता कोंबडीपेक्षा मोठं झालं होतं. मी दहा पावलांवर आले की कुटुंब पाण्यात. मी परत येते तर ते परत काठावर. दुसऱ्या दिवशी नवऱ्याला घेऊन गेले, तो गुडघाभर चिखलात पडला. इतकी वर्षं मी त्यांच्यापासून अंतर राखून राहिले, ते बरोबरच होतं, आणि म्हणूनच ते मला ओळखत नव्हते. ऑफिसात गेले तर मॅनेजर म्हणाला की ही पाखरं सरकारी संरक्षणाखाली आहेत, तुम्ही हात लावू नका, आम्ही वरती विचारतो. त्याने वरती विचारलं असेल तर ते वरचे अजून विचारच करताहेत.

मग मी बाकापाशी गेले आणि तोंड सोडलं. सगळे होते. बाबाही होते, आणि मला हे दिसलं, पण त्याचा अर्थ लागला नाही, की बाबा मधल्या बाकावर बसले होते. मी बोलत सुटले. म्हटलं, ते बघा, तो पंख दिसतोय? ती तुमची तुपाची पोळी आहे. ते आयुष्यात कधी उडणार नाही. नोव्हेंबरात पाणी गोठेल, बाकीचे उडून जातील आणि ते ह्या बर्फावर बसून मरेल, कोल्हा नेईल नाहीतर उपाशी मरेल, आणि तुम्ही तोवर परत गेलेले असाल, पुण्य पदरात बांधून. म्हटलं, घरातलं शिळं उचलून दुसऱ्याच्या तोंडात घालायचं आणि त्याला दान म्हणायचं, ही आपली फार जुनी सवय आहे.

काकूंचे डोळे भरून आले. काका म्हणाले, "अहो, किती बोलता. आम्ही तुमच्या वडिलांच्या वयाचे." मी बाबांकडे बघितलं. ते जमिनीकडे बघत होते, दोन्ही हात जाकिटाच्या खिशात. जूनमध्ये, उकाड्यात.

पुढचा आठवडा मी रोज गेले आणि रोज हात हलवत परत आले. पंख आता आडवा झाला होता. चालताना पिल्लू तो ओढत नेई, आणि पाण्यातून बाहेर आलं की दोन्ही पंख झटकायला जाई, एक उघडे आणि एक नुसताच थरथरे. बाबा तळ्यावर जात नव्हते. विचारलं तर गुडघा दुखतो म्हणाले. एका रात्री जेवताना त्यांनी वरणभात तसाच ठेवला.

"ते माझ्याजवळ येते," ते म्हणाले.

"काय येतं?"

"ते पिल्लू. माझ्या हातातून खाते."

मुलगी फोनमधून मान वर करून म्हणाली, "आजोबा, you were feeding them?" मी तिला गप्प बस म्हटलं.

बाबा सावकाश बोलले. काकूंनी एके दिवशी पिशवी त्यांच्यापुढे केली होती. घ्या, तुम्हीसुद्धा घाला, म्हणाल्या होत्या. "मी दोन घेतल्या. मग त्या बोलल्या, इकडे बसा, इथून ती जवळ येतात. मग रोजचंच झालं. तिथे बोलायले कोणी असते, म्हणून..." ते थांबले. "तू ओरडून राहिली होती तेव्हा माझ्या खिशातच होत्या."

मला त्यांच्यावर ओरडता आलं असतं. मला मधल्या बाकावर जाऊन त्या चौघांना विचारावंसं वाटलं की माणसाला शेजारी बसवून घ्यायला तुम्हाला पक्ष्यांचं निमित्त लागलं का, आणि ते बसले त्यानंतर तुमच्यापैकी एकाने तरी त्यांना घरी चहाला बोलावलं का. मी काही केलं नाही. मी उठून कणीक मळली. पकडायचं तर पोळी हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी सुट्टी घेतली आणि आम्ही दोघं गेलो. बाबा गवतात खाली बसले, पोळीचा तुकडा तळहातावर ठेवला आणि हळूच म्हणाले, "ये. ये बापू, ये." मी त्यांच्या मागे टॉवेल धरून वाकले होते. पिल्लू पाण्यातून बाहेर आलं. त्याने इकडे तिकडे बघितलंसुद्धा नाही. वाकडा पंख ओढत सरळ चालत आलं आणि त्यांच्या तळहातावर चोच ठेवली. मी टॉवेल टाकला. बाबांनी त्याला पोटाशी धरलं. आई-बाप गीज फुत्कारत अंगावर आले, माझ्या पोटरीला चावा घेतला, आणि बाबा त्या टॉवेलला "हो हो, झालं, झालं" म्हणत उठले.

केंद्रापर्यंत पाऊण तासाचा रस्ता. बाबांनी खोका मागे ठेवू दिला नाही. मांडीवर घेतला, भोकांतून आत बघत राहिले. आधी आत धडपड होती, मग शांत झालं. "माझा आवाज ओळखते," ते म्हणाले. मग विचारलं, पट्टी किती दिवस ठेवतात, परत याच तळ्यात आणून सोडतात ना, मी ऑक्टोबरात जाईन त्याच्या आत उडेल का. मी म्हटलं, बघू. खूप दिवसांनी ते इतकं बोलत होते.

केंद्रातल्या बाईने पंख दोन बोटांत धरून उलगडला आणि लगेच मिटला. फोनवर बोललेली तीच होती. ती माझ्याकडे बघून बोलली, हळू आवाजात. हाड पक्कं झालंय. आता पट्टीने फिरणार नाही. जे उडू शकत नाही ते आम्हाला परत पाण्यावर सोडता येत नाही, आणि ठेवून घ्यायला जागा नाही. ह्या उन्हाळ्यात अशी फार आली. आम्ही इंजेक्शन देतो, त्याला दुखत नाही. ती वाईट नव्हती. थकलेली होती. मला तिच्यावर चिडायचं होतं आणि कारण सापडत नव्हतं.

"काय म्हणते?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं. सगळं, जसं होतं तसं. त्यांनी दोनदा मान हलवली, जसं पोस्टातल्या खिडकीवर कोणाचं म्हणणं ऐकून घेत असतील. मग त्यांनी त्या बाईला इंग्रजीत विचारलं, ते होईपर्यंत मी धरू का. ती आधी नाही म्हणाली, मग त्यांच्याकडे बघून हो म्हणाली. मी आत गेले नाही. मी पार्किंगमध्ये गाडीला पाठ लावून उभी राहिले आणि आठवतील तेवढ्या सगळ्यांना शिव्या दिल्या. पाटीवाल्याला, ऑफिसवाल्याला, काकूंना, काकांना, घर्रकन अन्न दळणाऱ्या त्या यंत्राला. बाबा बाहेर आले तेव्हा त्यांच्या सदऱ्याला पिसं चिकटली होती.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांनी स्वतःहून बूट घातले. मी त्यांच्याबरोबर गेले. मधल्या बाकावर काकू आणि काका होते, आणि काकू मांडीवरची पिशवी उघडत होत्या. माझ्या ओरडण्याचा एवढाच परिणाम झाला होता की त्यांनी मला बघून ती अर्धी पदराखाली घेतली. बाबा दिसले तसं गीजचं कुटुंब पाण्यातून चढून थेट त्यांच्याकडे आलं. आई, बाप आणि उरलेली दोन पिल्लं. मी त्यांचे पंख बघितले. एकाचं टोक जरासं बाहेर होतं, की मला तसं वाटलं, अजून सांगता येत नव्हतं.

"कुठे होतात इतके दिवस?" काकूंनी बाबांना विचारलं. "आणि ते तुमचं वाकड्या पंखाचं कुठे दिसत नाही ते?"

बाबांनी वाकून पिशवीच्या तोंडावर हात ठेवला. न विचारता दुसऱ्याच्या वस्तूला हात लावताना मी त्यांना जन्मात कधी बघितलं नव्हतं. काकूही दचकल्या.

"ताई, नका घालू," ते म्हणाले.

"अहो, पण तुम्हीसुद्धा घालतच होतात की."

"हो. माझ्या हातून खायचं, म्हणून माझ्याच हातून पकडल्या गेलं. काल त्याला मारून आलो मी."

काकूंनी माझ्याकडे बघितलं, मी खरं आहे अशी मान हलवली. मग काकूंनी विचारलं, आणि मी शपथेवर सांगते की त्यात खोच नव्हती, त्यांना खरोखरच माहीत नव्हतं:

"मग उरलेल्या शिळ्या पोळ्यांचं करायचं तरी काय?"

"खायच्या," बाबा म्हणाले. "आम्ही खात होतो."

पिशवीवरचा हात त्यांनी काढला नाही. गीज त्यांच्या बुटांशी माना वर करून तसेच उभे होते.